मुंबईत दिवसभर निवांत खायचं-प्यायचंय, पण बसायचं कुठे? (मदत हवी आहे)

येत्या शनिवारी नाशिकहून मामा-मामी येताहेत. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचा, जन्म गिरगावातला. बँकेच्या बदलीत १९८३ साली मुंबई सुटली ती सुटलीच. फोनवर त्याने बजावून सांगितलंय, "गेटवे नको, सी-लिंक नको, मॉल तर नकोच नको. सकाळी निघायचं, खायचं, बसायचं, गप्पा मारायच्या, परत खायचं. अंधार पडला की घरी."

कुठे काय चांगलं मिळतं हे मी विचारत नाहीये, तसले धागे पायलीचे पन्नास सापडतात. माझी अडचण अशी की मुंबईत खायला मिळतं, बसायला मिळत नाही.

गेल्या दिवाळीत हा प्रयोग एकदा फसलाय. एका नावाजलेल्या ठिकाणी (नाव घेत नाही) चाळीस मिनिटं फुटपाथवर उभं राहून टेबल मिळालं, तेही अर्धं. समोर अनोळखी जोडपं, पाठीशी आमच्या ताटात किती उरलंय ते मोजणारे चौघे. मामाचा शेवटचा घास तोंडात असतानाच बडीशेप आणि बिल हजर. मामा म्हणाला, "अरे, लग्नाच्या पंगतीतही लोक खुर्ची धरून उभे राहतात, पण निदान मठ्ठा तरी संपवू देतात!" त्यानंतर अडीच ते सहा कुठे जायचं ते सुचेना. शेवटी दादर स्टेशनच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघितल्या.

आता अटी. मामाचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे पूल चढणं कमीत कमी. त्याला दुपारी मासे हवेत. मामीचा शनिवारचा उपास. संध्याकाळी मामाला एक बियर हवी, एकच. मामीची त्याला हरकत नाही, पण "पडदे लावलेल्या अंधाऱ्या खोलीत मी यायची नाही" हे तिचं म्हणणं. रविवार धरला असता तर उपासाचा प्रश्न सुटला असता, पण आम्ही डोंबिवलीला राहतो. रविवारचा मेगाब्लॉक आणि गुडघे एकत्र नकोत.

माझा कच्चा बेत असा आहे: सकाळी दादरला 'प्रकाश'मध्ये साबुदाणे वडे, मग गिरगाव, दुपारी बॅलार्ड इस्टेटला 'ब्रिटानिया'त बेरी पुलाव, मग मोठं प्रश्नचिन्ह, मग कुलाबा. मामाच्या स्वतःच्या यादीत खोताच्या वाडीतली अनंताश्रम खाणावळ आहे आणि जहांगीर आर्ट गॅलरीतलं कॅफे सामोवार. अनंताश्रम उरलं नाही हे त्याला ठाऊक आहे. सामोवार २०१५ मध्ये बंद झालं, हे सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

गिरगावकर
दादर, गिरगाव, बॅलार्ड इस्टेट, कुलाबा? हा निवांत दिवस नव्हे, अष्टविनायक यात्रा आहे. दोन भाग धरा, बाकीचे सोडा. ब्रिटानिया चांगलंच आहे, पण ते दुपारपुरतंच उघडं असतं, म्हणजे सगळे एकाच वेळी येणार. गेल्या वेळचीच गत होईल, फक्त या वेळी सोबत रास्पबेरी सोडा असेल. शिवाय मामी तिथे काय खाणार?

दादर ते गिरगाव टॅक्सीने जाऊ नका, शनिवारी लालबाग-परळची गर्दी नशिबी येते. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून पार कफ परेडपर्यंत जाते. दादर आणि गिरगाव दोन्ही स्थानकं तिच्यावर आहेत, लिफ्ट आहेत, गुडघ्यांना त्रास नाही. मामाने मुंबई सोडली तेव्हा गिरगावला ट्रामही उरली नव्हती, आता जमिनीखालून गाडी येते. बघा तोंड कसं होतं त्याचं.

माटुंगेकर
मी असतो तर माटुंगा सोडून हललोच नसतो. सकाळी कॅफे मद्रास, दुपारी रामा नायकांकडे केळीच्या पानावर जेवण, मध्ये पाच गार्डनच्या झाडांखाली डुलकी, परत फिल्टर कॉफी. सगळं चालत. खर्चही दादरपेक्षा कमी.

धागाकर्ता
@माटुंगेकर, बेत फर्मास आहे, पण मासे आणि उपास दोन्ही बुडतात की! पाच गार्डनमधली डुलकी मात्र डोक्यात ठेवली आहे.

दादरची सून
तुमचं प्रश्नचिन्ह हॉटेलात सुटणार नाही, कट्ट्यावर सुटेल. शिवाजी पार्कचा कट्टा. फुकट, रुंद, सावली आहे, समोर मैदानात दहा-बारा मॅच एकाच वेळी चालू असतात, कोण कुणाचा बॉल अडवतोय कळत नाही. मामांना उठवायला बिल घेऊन कोणी येत नाही.

असं करा. 'प्रकाश'ला सकाळी लवकर पोचा. मामींना साबुदाणे वडा आणि पियुष, तुम्हा दोघांना मिसळ किंवा थालीपीठ. गर्दी वाढायच्या आत बाहेर पडा आणि कट्ट्यावर दोन-अडीच तास ठाण मांडा. साडेअकरा-पावणेबाराला मासे खायला निघा, दादरला सिंधुदुर्ग, गोमांतक, चैतन्य सगळी जवळजवळ आहेत. बाराच्या आत टेकलात तर कोणी घाई करत नाही. साडेबारानंतर बाहेर रांग लागली की वेटरची नजर बदलते.

एक सांगून ठेवते, सोलकढीत लसूण असतो. मामींनी कोकम बघून 'उपासाला चालतं' म्हणून हात घातला तर नंतर तुमच्यावर येईल. त्यांच्यासाठी वडे आधीच बांधून घ्या आणि कट्ट्यावर खायला द्या. मासे खायच्या जागी त्यांनी नुसतं शहाळ्याचं पाणी पिऊन बसावं हे मला बरं वाटत नाही.

धोबीतलाव
दुपारसाठी इराणी. मेट्रो सिनेमासमोर 'कयानी', १९०४ सालची. लाकडी खुर्च्या, चौकडीचे टेबलक्लॉथ, ब्रून मस्का, चहा. गर्दी असते, खोटं बोलणार नाही, पण तीनच्या सुमाराला श्वास घेता येतो. तिथे जागा नसेल तर जवळच 'ससानियन' आहे, १९१३ ची. इराण्याकडे एका चहावर माणूस पेपर अख्खा वाचायचा, ती सवय अजून थोडी शिल्लक आहे. दर वीस मिनिटांनी काहीतरी एक मागवत राहायचं, हा त्यातला खरा मंत्र. परत 'पाणी कम' (कडक चहा) मागण्याऐवजी मावा केक म्हणा, वेटर खूश. (मावा केकमध्ये अंडं असतं, मामींना सांगा. चहा त्यांना चालत असेलच.)

तिथून मरीन लाइन्सचा समुद्र हाकेच्या अंतरावर आहे.

धागाकर्ता
वा, दिवस जुळला की! आता बियर. समुद्र दिसायला हवा, असं मामा परत परत सांगतोय.

कुलाबा रिटर्न
समुद्र आणि बियर एकाच टेबलावर मागितलीत की बिलात समुद्राचे पैसे वेगळे लागतात. दोन्ही वेगळे करा. कुलाब्यात कॅफे मॉन्डेगरला जा, पण पाचच्या आत. भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, मामींना ती बघत बसता येईल, पडदे-बिडदे काही नाहीत. ज्यूकबॉक्स मात्र आहे. गप्पा मारायच्या असतील तर त्याच्यापासून लांबचं टेबल पकडा. मग टॅक्सी करून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर सूर्यास्त. वाटेत चर्चगेटला के. रुस्तमचं दोन वेफरमध्ये दाबलेलं आइस्क्रीम घ्या. कट्ट्यावर बसून खायचं, हातावर गळतंच.

धागाकर्ता
ठरलं. दादर, कयानी, मॉन्डेगर, कट्टा. गिरगावला मेट्रोतून उतरून मामाची चाळ होती त्या टॉवरसमोर पाच मिनिटं उभे राहू, मग टॅक्सी. मामाला धागा वाचून दाखवला. सामोवारचं त्याला २०१५ पासून माहीत होतं, मला वाईट वाटेल म्हणून तो बोलला नव्हता. आता त्याची एकच शंका उरलीय: सकाळी दोन पियुष चालतील का?

दादरची सून
एक. दुसरं मागवलंत तर कट्ट्यावर झोपतील आणि मासे चुकतील.