टांगती फुलदाणी: विकतची घ्यावी की घरी करावी?

गिरगावची वाचक
चाळीतील आमच्या दोन खोल्यांत फुलदाणी ठेवण्याइतकी मोकळी जागा नाही, म्हणून खिडकीजवळच्या सागवानी तुळईला तागाच्या दोरीतली काचेची फुलदाणी बाजारातून आणून टांगली होती. चार महिने ती चांगली टिकली. जुलैमध्ये मात्र बुडाच्या गाठीपाशी दोरी काळी पडून तुटली आणि फुलदाणी फुटली. खाली कोणी नव्हते, हे नशीब. पुन्हा विकतची घ्यावी, की घरी करता येईल?

दादरचा वाचक
दोष फुलदाणीचा नसून तागाचा आहे. पाणी ओतताना ओघळ गाठीत मुरतो, पावसाळी हवेत तो वाळत नाही आणि ताग कुजतो. खिडकीपाशी नायलॉनची दोरी वापरावी. सुती दोरी दिसायला सुंदर असली तरी ती घराच्या कोरड्या बाजूलाच शोभते.

घरी करायचे तर आपले जुने शिंकेच करावे. आमची आजी दह्यादुधाची भांडी मांजरापासून वाचवण्यासाठी जे शिंके टांगत असे, त्याचीच ही रचना आहे. प्रत्येकी तीन मीटरच्या चार दोऱ्या मध्यावर दुमडून एका कडीत अडकवाव्यात, म्हणजे आठ पदर होतात. कडीपासून साधारण दोन वितींवर दोन-दोन पदरांची गाठ मारावी. त्याखाली चार बोटांवर प्रत्येक जोडीतला एक पदर शेजारच्या जोडीतल्या एका पदराशी बांधावा, की जाळी तयार होते. शेवटी सगळे पदर एकत्र करून बुडाशी घट्ट गाठ मारावी. नायलॉनची गाठ सरकते, म्हणून ती दुहेरी मारून टोके मेणबत्तीवर किंचित वितळवावीत. पहिल्या शिंक्यात माझी एक गाठ दुसरीपेक्षा बोटभर खाली गेली आणि फुलदाणी कायमची कलंडली, तेव्हा प्रत्येक गाठ पट्टीने मोजूनच मारावी.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. त्यात काचेचे वजन मिळवून त्याच्या किमान तिप्पट भार पेलणारा, तुळईत फिरवून बसवायचा आकडा (हूक) निवडावा. तुळईत आधी आकड्याच्या आट्यांपेक्षा बारीक भोक पाडावे, नाहीतर जुने लाकूड चिरते. लाकूड ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर तिथे वाळवी असू शकते.

सायनची वाचक
मातीची फुलदाणी हवी असेल तर धारावीचा कुंभारवाडा जवळच आहे. ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) न दिलेल्या मातीतून पाणी झिरपते, त्यामुळे आत काचेची लहान बाटली बसवून तिच्यातच फुले ठेवावीत. निशिगंधाच्या दोन-तीन काड्या पुरे होतात.

एक कळकळीची विनंती आहे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास वाढतो आणि त्याची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात. त्यामुळे नुसते पाणी बदलून भागत नाही; आठवड्यातून किमान एकदा आतली बाजू ब्रशने घासलीच पाहिजे. फुलदाणी उंचावर असली की आपण आत डोकावत नाही, म्हणून ती स्टुलाशिवाय हाताला येईल इतकीच उंच टांगावी.

गिरगावची वाचक
मनःपूर्वक आभार. काल तुळई ठोकून पाहिली. खिडकीकडचे टोक पोकळ वाजले, म्हणून आकडा दोन हात आत घेतला आहे. नायलॉनची दोरी आणली असून आज पट्टी घेऊन बसते आहे.