महागडा फिल्म कॅमेरा घेतला, पण पहिल्या रोलवरून मत कसे बनवावे?

छायाप्रकाश (दादर)

नमस्कार मंडळी. गेली बरीच वर्षे मी निकॉन एफएम-२ वर फिल्म वापरत आले आहे आणि त्या कॅमेऱ्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. तरीही एकदा लायकाचा रेंजफाइंडर कॅमेरा वापरून पाहावा, ही इच्छा मनात होतीच आणि ती नुकतीच पूर्ण झाली. १९८४ साली बाजारात आलेल्या लायका एम-६ ची ही जुनी आवृत्ती आहे. वापरलेली असली तरी चांगल्या अवस्थेतली, आणि मुंबईतच एका खासगी विक्रेत्याकडून मिळाली. नुसत्या बॉडीलाच दोन लाखांहून अधिक रुपये गेल्यामुळे लेन्ससाठी फारसे काही उरले नाही, म्हणून सध्या ॲडॅप्टर लावून जुन्या सोव्हिएत बनावटीची, स्क्रू माउंटची (आट्यांनी फिरवून बसवायची), ५० मि.मी. एफ २ लेन्स वापरते आहे (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे).

हातात घेतल्यावर जे वाटले ते आधी प्रामाणिकपणे सांगते. शटरचा आवाज इतका हलका आहे की दादरच्या फुलबाजारात शेजारच्या माणसालाही फोटो निघाल्याचे कळत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीच्या बाहेरचेही दिसत असल्यामुळे हारांची टोपली डोक्यावर घेतलेला माणूस चौकटीत शिरण्याआधीच नजरेला पडतो, आणि ही सोय एफएम-२ मध्ये मला कधीच मिळाली नव्हती. फिल्म खालच्या बाजूने भरताना, काढलेले झाकण कुठे ठेवावे हा प्रश्न गर्दीत उभे राहून सोडवावा लागतो; हे मात्र मला अजिबात आवडले नाही. शटरचा कमाल वेग १/१००० सेकंद आहे, एफएम-२ चा १/४००० आहे, आणि भर दुपारी हा फरक जाणवतो.

खरी शंका पहिला रोल धुऊन आल्यानंतरची आहे. लॅबने पाठवलेल्या स्कॅनमध्ये एफएम-२ पेक्षा वेगळे किंवा अधिक चांगले असे मला काहीच दिसले नाही. शिवाय जवळून, एफ २ वर काढलेल्या एका फुलवाल्या मावशींच्या फोटोत त्यांचा चेहरा मऊ आला आहे, आणि मागचे झेंडूचे हार मात्र अगदी स्पष्ट आहेत. फोकस करताना व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या दोन्ही प्रतिमा मावशींच्या डोळ्यांवर नीट जुळवल्या होत्या, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. आणखी एक गोष्ट अशी की लांबच्या दृश्यांत मी ठरवलेल्या चौकटीपेक्षा कडांना बरेच जास्त आले आहे. कॅमेरा सर्व्हिसिंगला टाकावा, की आणखी काही रोल वापरून मग ठरवावे? आणि एवढ्या किमतीच्या कॅमेऱ्याचा पहिला अनुभव असा सपाट असणे हे नेहमीचेच आहे का?

शुभ्रकृष्ण

अभिनंदन. तुम्ही दिलेल्या तपशिलात झेंडूचे हार सर्वांत महत्त्वाचे आहेत, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

एफएम-२ मध्ये तुम्ही लेन्समधूनच पाहता. लेन्स जिथे फोकस झाली असेल तेच फोकसिंग स्क्रीनवर दिसते, त्यामुळे लेन्स कशीही असली तरी चूक निदान डोळ्यांना कळते. रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या तुमच्या लायकासारख्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडर आणि लेन्स हे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. लेन्स पुढेमागे होते तेव्हा तिच्या मागच्या कडेवर टेकलेले बॉडीतले एक छोटे चाक सरकते, आणि त्या हालचालीवरून मधल्या चौकोनातली दुसरी प्रतिमा हलते. व्ह्यूफाइंडर नेहमीच स्वच्छ आणि स्पष्ट दिसतो. फिल्मवर काय पडते आहे याची त्याला काहीही कल्पना नसते. कॅमेरा हाताळताना वाटणारा आनंद आणि निगेटिव्हचा दर्जा या दोन गोष्टी या यंत्रात रचनेनेच वेगळ्या ठेवलेल्या आहेत, आणि पहिल्या रोलनंतर होणारा बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता तुमच्या लेन्सविषयी. लायकाचे रेंजफाइंडर लेन्सची फोकल लेंग्थ ५१.६ मि.मी. धरून बांधलेले असते. स्क्रू माउंटच्या सोव्हिएत ५० मि.मी. लेन्स मात्र झाइसच्या युद्धपूर्व कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या मापावर, म्हणजे सुमारे ५२.४ मि.मी. धरून बनवल्या गेल्या. लांबच्या अंतरावर हा फरक कळत नाही, पण जवळ येताना तो वाढत जातो आणि एक मीटरवर लेन्स रेंजफाइंडरने दाखवलेल्या जागेच्या साधारण तीन सेंटीमीटर मागे फोकस होते. ५० मि.मी. लेन्सला एफ २ वर एक मीटर अंतरावर मिळणारी स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढे अंतर स्पष्ट येते ते, एकूण जेमतेम पाच सेंटीमीटर असते, म्हणजे पुढे अडीच आणि मागे अडीच. तीन सेंटीमीटरची चूक तिच्या बाहेर जाते. त्यातच या जुन्या लेन्स पुष्कळदा उघडून पुन्हा बसवलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षातली चूक याहून मोठीही असू शकते. चेहरा मऊ आणि मागचे स्पष्ट, हे लक्षण या कारणाशी तंतोतंत जुळते, आणि त्यात बॉडीचा काहीही दोष नाही.

तरीही बॉडीची खात्री करून घ्यावी, आणि ती स्वतःच करता येते. संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर जाऊन नरिमन पॉइंटच्या एखाद्या उंच इमारतीच्या उभ्या कडेवर पाहा. लेन्स अनंतावर, म्हणजे शेवटच्या टोकाला असताना दोन्ही प्रतिमा आडव्या दिशेने आणि उभ्या दिशेनेही एकावर एक बसल्या पाहिजेत. त्यानंतर घरी टेबलावर वर्तमानपत्र तिरपे टेकवून एका ओळीवर पेनने खूण करा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून त्या खुणेवर एफ २, एफ २.८, एफ ४ आणि एफ ५.६ असे फोटो काढा, आणि शक्य झाल्यास कुणाकडून तरी मूळ एम माउंटची, म्हणजे ॲडॅप्टरशिवाय थेट बसणारी, लेन्स घटकाभर मागून घेऊन तीच मालिका पुन्हा काढा. दोन्ही मालिका एकाच रोलवर असाव्यात. दुसरी मालिका नीट आली तर सर्व्हिसिंगचे पैसे लेन्ससाठी ठेवा.

कडांना जास्त येणे हे नेहमीचेच आहे. एम-६ मधल्या चौकटीच्या रेषा जवळच्या अंतरासाठी, साधारण ०.७ मीटरसाठी आखलेल्या आहेत. लेन्स जसजशी दूर फोकस होते तसतशी फिल्मवर रेषांच्या बाहेरची जागाही येते. काही रोलनंतर डोळा आपोआप रेषेच्या थोडे बाहेरचे धरू लागतो.

फोर्टकर

वरच्या प्रतिसादाला एकच पुरवणी. स्कॅन पाहून कॅमेरा जोखू नका. लॅबचा साधा स्कॅन साधारण वीस लाख पिक्सेलचा असतो, आणि मशीन स्वतःहून कॉन्ट्रास्ट, रंग व धार ठरवते. त्या गाळणीतून गेल्यावर एफएम-२ आणि लायका सारखेच दिसणार, यात नवल काही नाही. निगेटिव्ह परत मागून घ्या, ती फेकू नका असे लॅबला बजावून सांगा, आणि दहापट भिंगाखाली पाहा. भिंग बोराबाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत चौकशी केल्यास मिळून जाईल. मागे प्रकाश हवा तर मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर दुधी प्लास्टिक ठेवले तरी काम होते.

सहा बाय सहा

मूळ प्रश्नातल्या 'सपाट' या तक्रारीवर थोडे वेगळे मत मांडतो. पहिल्याच रोलवर डोळ्यांत भरणारा फरक हवा असेल तर तो ३५ मि.मी. मध्ये एका बॉडीवरून दुसऱ्या बॉडीवर जाऊन मिळत नाही, कारण फिल्मचा तुकडा तोच २४ बाय ३६ मि.मी. राहतो. हॅसलब्लाडच्या ५०० मालिकेत निगेटिव्ह साधारण ५६ बाय ५६ मि.मी. असते, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक, आणि तो फरक लॅबच्या साध्या स्कॅनमध्येही लपत नाही. मी स्वतः ५००सी/एम वापरतो.

पण तिचा पहिला अनुभव सुखाचा असतो, असे मी म्हणणार नाही. वरून पाहायच्या व्ह्यूफाइंडरमध्ये डावे-उजवे उलटे दिसते, फोटो काढल्यावर फिल्म पुढे सरकवेपर्यंत समोर अंधार राहतो, शटर चढवलेले नसताना लेन्स काढायला गेलात तर सगळे अडकून बसते, आणि १२० मापाच्या फिल्मच्या एका रोलवर बाराच फोटो मिळतात. ती घेऊन सकाळच्या विरार फास्टमध्ये चढण्याचा विचारही करू नये. ज्यांना वापरलेली घ्यायची आहे त्यांच्यासाठी एक उपयोगी माहिती: कॅमेऱ्यावरच्या क्रमांकाच्या आधीची दोन अक्षरे उत्पादनाचे वर्ष सांगतात. व्ही, एच, पी, आय, सी, टी, यू, आर, ई, एस ही अक्षरे क्रमाने १ ते ९ आणि शेवटी ० समजायची. 'यूआर' असेल तर १९७८. विक्रेत्याने सांगितलेले वर्ष एवढ्यावरून तपासता येते. मात्र बॉडी, बॅक (फिल्म भरायचा मागचा सुटा भाग) आणि लेन्स एकाच वयाच्या असतील असे गृहीत धरू नये, आणि बॅकचे सील जुने झाले असेल तर निगेटिव्हच्या कडेला प्रकाशाचा पट्टा येतो, तोही पाहून घ्यावा.

मालाडवासी

फोकसवर पुरेसे लिहून झाले आहे, म्हणून मी पावसाळ्याकडे वळतो. मुंबईत जूननंतर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच मुक्काम करते, आणि लेन्सवरच्या बुरशीला ७० टक्केही पुरतात. विजेवर चालणारी कोरडी पेटी घ्यावी आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. त्याहून फार कोरडे केल्यास वंगण सुकते, त्यामुळे तिथेही उत्साह नको. पेटी परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येते. चामड्याची मूळ केस दिसायला कितीही देखणी असली तरी तिच्यात कॅमेरा ठेवू नका, चामडे ओलावा धरून ठेवते. तुमची लेन्स जुनी आहे, तेव्हा ती पेटीत ठेवण्याआधी मोबाइलच्या टॉर्चने मागून प्रकाश टाकून आत जाळे किंवा धुरकट थर नाही ना, हे पाहून घ्या.

एम-६ चे शटर रबर लावलेल्या कापडाचे आहे आणि समोर आरसा नाही. लेन्सचे झाकण न लावता कॅमेरा मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सूर्याकडे तोंड करून ठेवला तर पडद्याला भोक पडू शकते. झाकण लावून ठेवले तर व्ह्यूफाइंडरमधून ते लागलेले कळत नाही आणि फोटो कोरे जातात, हा दुसरा धोका. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर लक्ष ठेवणाऱ्याला तो टाळता येतो.

मीटरबद्दलही सांगायला हवे. शटरच्या पडद्यावर मधोमध रंगवलेल्या पांढऱ्या वर्तुळावरून परत येणारा प्रकाश तो मोजतो, आणि त्या वर्तुळाचा व्यास चौकटीच्या उंचीच्या निम्मा आहे. समुद्र आणि आकाश मधोमध आले तर माणूस काळा येणार, हे ठरलेलेच. कॅमेरा थोडा खाली झुकवून मोजावे. दुपारचे म्हणाल, तर ४०० ची फिल्म (आकडा मोठा तितकी फिल्म प्रकाशाला जास्त संवेदनशील) घालून कडक उन्हात १/१००० वर एफ ११ येते आणि तुमच्या एफएम-२ वर १/४००० ला एफ ५.६ मिळत होते. इथे सरळ १०० किंवा २०० ची फिल्म घालावी. शिवाय रंगीत निगेटिव्ह एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त प्रकाश सहज सोसते.

छायाप्रकाश (दादर)

सर्वांचे मनापासून आभार. निगेटिव्ह परत आणून भिंगाखाली पाहिली. लांबची, एफ ८ वर काढलेली दृश्ये खरोखर चांगली आहेत. पाट्यांवरची बारीक अक्षरे, जी स्कॅनमध्ये नुसते ठिपके होती, ती निगेटिव्हवर वाचता येतात. मग एका परिचितांची ३५ मि.मी. एफ २ एम माउंट लेन्स घेऊन वर्तमानपत्राची चाचणी केली. तिच्यावर खूण केलेली ओळ एफ २ वरही स्पष्ट आहे. माझ्या लेन्सवर मात्र स्पष्ट भाग काही ओळी मागे आहे, आणि एफ ५.६ ला तो खुणेपर्यंत पोहोचतो. सर्व्हिसिंगचा बेत रद्द केला आहे.

आता लेन्ससाठी पैसे साठवायचे आहेत, तेव्हा शेवटचा प्रश्न विचारते. मी चश्मा लावते. ३५ मि.मी. ची घ्यावी की ५० ची? २८ चाही विचार मनात येतो आहे.

शुभ्रकृष्ण

तुमचा व्ह्यूफाइंडर ०.७२ पट मोठेपणाचा असणार. चश्म्यासह त्यात ५० च्या रेषा आरामात दिसतात, ३५ च्या डोळा थोडा जवळ नेला की दिसतात, आणि २८ च्या पूर्ण दिसण्यासाठी डोळा इकडून तिकडे फिरवावा लागतो. फुलबाजारासारख्या ठिकाणी चौकटीबाहेरचे पाहण्याची जी सोय तुम्हाला आवडली आहे ती २८ वर जवळजवळ राहत नाही, म्हणून २८ सोडून द्या. ३५ ला एक मीटरवर एफ २ वर साधारण दहा सेंटीमीटर खोली मिळते, म्हणजे ५० च्या दुप्पट, आणि मुंबईच्या गर्दीत हा फायदा मोठा आहे. ज्यांची लेन्स मागून आणली त्यांना ती आणखी काही दिवस ठेवता येईल का, ते विचारा आणि एक पूर्ण रोल रस्त्यावर काढा. तोवर सोव्हिएत लेन्स एफ ५.६ किंवा त्यापुढे बिनधास्त वापरावी. विकू नका, तिचे फारसे पैसे येणार नाहीत.