मुंबई–गोवा समुद्री फायबर केबल टप्प्याटप्प्याने टाकायची तर टप्पे कुठे तोडावेत?

खाडीपलीकडे:
मुंबई ते गोवा किनाऱ्याच्या कडेकडेने समुद्रातून फायबर केबल नेण्याचा प्राथमिक आराखडा करतोय. वर्सोवा, गुहागर, रत्नागिरी, मालवण आणि शेवटी पणजीजवळ, अशा ठिकाणी केबल किनाऱ्यावर घ्यायचा विचार आहे. सगळा पैसा एकदम मिळणार नाही, म्हणून तीन टप्पे, आणि दोन टप्प्यांमध्ये दोन-तीन वर्षं सहज जातील. पहिल्या टप्प्याचं टोक रत्नागिरीसमोर समुद्रातच सील करून ठेवलं आणि पुढच्या वेळी तिथूनच उचललं, तर किनाऱ्यावर आणण्याचा खर्च वाचेल असं एक मत आहे. हे कितपत खरं? दुसरं, रिपीटर (केबलमध्ये ठरावीक अंतरावर बसवायचे, क्षीण झालेला संकेत वाढवणारे संच) घ्यावेत का? आणि हंगाम कोणता धरायचा?

वावभर पाणी:
समुद्रात टोक सोडू नका. किनाऱ्याला समांतर मार्ग बहुतेक ठिकाणी ३० ते ५० मीटर पाण्यातच राहतो आणि त्या पट्ट्यात ट्रॉलर रोज जाळी ओढतात. सील केलेलं टोक पुन्हा गळाला लागावं म्हणून त्याला तळावर लांब दोर जोडून ठेवतात. ट्रॉलरचं जाळं नेमकं त्याच दोरात अडकतं. टोक जागचं हलतं, टोपी चेपली की पाणी आत शिरतं, मग उचलल्यावर चांगलं फायबर हाती येईपर्यंत केबल कापत जावं लागतं. वर जहाजावर एका जोडाला साधारण एक दिवस लागतो आणि तेवढा वेळ समुद्र शांत हवा. वाचवलेला पैसा इथेच संपतो.

टप्पा नेहमी जमिनीवर, पुळणीवरच्या मॅनहोलमध्ये तोडा. मग पुढच्या टप्प्याची केबल त्याच गावात स्वतंत्रपणे वर येते, दोन्ही केबल तिथल्या केबल-स्टेशनात उपकरणांवर जोडल्या जातात, आणि दोन टप्प्यांचे पुरवठादार वेगळे असले तरी अडत नाही. मुख्य म्हणजे रत्नागिरीला पहिल्या दिवसापासून ग्राहक मिळतात. समुद्रात पडलेलं टोक काही कमवत नाही.

रिपीटरबद्दल. वर्सोवा–रत्नागिरी सरळ अंतर २४० किलोमीटरच्या आसपास, वळणं आणि सैल धरून केबल २७० भरेल. कमी क्षयाच्या फायबरला किलोमीटरमागे ०.१७ डीबी (डेसिबल, संकेत किती क्षीण होतो त्याचं माप) धरा, म्हणजे ४६ डीबीच्या आसपास. त्यात जोड, किनाऱ्यापासून स्टेशनपर्यंतचा जमिनीवरचा तुकडा आणि पंचवीस वर्षांतल्या दुरुस्त्यांसाठी राखीव ४–५ डीबी. दोन्ही टोकांना रामन अ‍ॅम्प्लिफायर (किनाऱ्यावरून लेझर सोडून फायबरमध्येच संकेत वाढवणारं उपकरण) लावून हे जमतं. मध्ये गुहागरला वर आलात तर मोठा तुकडा २१५ किलोमीटरच्या आसपास राहतो आणि साधी उपकरणंही पुरतात. रिपीटर आला की तांब्याचा वाहक आला, किनाऱ्यावर उच्च दाबाचा वीजपुरवठा आला, आणि टप्पे समुद्रातच जोडायचे तर तो पुरवठा शेवटच्या टप्प्यापर्यंतची लांबी धरून आजच घ्यावा लागतो. चेन्नई–अंदमान केबलला (२०२०) रिपीटरशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण मध्ये उतरायला जमीनच नाही. कोकणात दर खाडीला गाव आहे, त्याचा फायदा घ्या.

फायबरच्या संख्येत मात्र काटकसर नको. बिनरिपीटरच्या केबलमध्ये २४ ऐवजी ४८ फायबर घातल्याने वाढणारा खर्च जहाजाच्या भाड्यापुढे किरकोळ. पहिल्या टप्प्यात कमी घातलेत तर पुढचे सगळे टप्पे त्याच गळ्यातून जातील.

आणखी एक. ही केबल म्हणजे एक सरळ रेघच आहे. कुठेही तुटली की पुढचा सगळा भाग बंद. म्हणून प्रत्येक टप्पा जमिनीवरच्या फायबरने वळसा घालून पूर्ण करा. पण तो वळसा महामार्ग ६६ आणि कोकण रेल्वे या दोघांच्या भरवशावर ठेवू नका. दोन्ही चिपळूणला वाशिष्ठी ओलांडतात, आणि जुलै २०२१ च्या पुरात महामार्गावरचा पूल खचला, रेल्वेही थांबली. रत्नागिरीहून निदान एक वाट घाट चढून कोल्हापूरकडे जाणारी हवी.

उधाण-भांग:
वरच्याशी सहमत. हंगाम आणि किनाऱ्यावरचं काम याबद्दल थोडं.

जून ते सप्टेंबर विसरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा समुद्र मोकळा असतो खरा, पण त्या लाटांत प्लाऊ (तळात चर पाडून केबल पुरणारं, जहाजामागून ओढायचं अवजार) ओढता येत नाही. काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, फार तर मार्च. त्यानंतर दुपारचा वायव्येचा वारा त्रास देतो, आणि मे महिना राखीव म्हणूनही धरू नका. तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ मध्ये याच किनाऱ्यासमोरून गेलं. अडचण अशी की तुमचा चांगला हंगाम तोच मच्छीमारांचाही चांगला हंगाम. प्लाऊ तासाला अर्धा ते एक किलोमीटर चालतो, म्हणजे जहाज दिवसेंदिवस एकाच पट्ट्यात. रायगडच्या बाजूला डोलीचे (एका जागी बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्याचे) खुंट तळात रोवलेले असतात. ते मार्गातून काढायचे तर भरपाई आणि तारखा मच्छीमार सोसायटीशी गणपतीच्या आधी लेखी ठरलेल्या हव्यात. जहाज आल्यावर बोलणी सुरू केली की दिवसाचं भाडं चालू आणि काम बंद.

केबल टाकण्याआधी मार्गावरून गळ ओढून जुनी जाळी, दोर, तारा काढतात. हे काम प्लाऊच्या काही दिवसच आधी करा. महिनाभर आधी केलंत तर पुन्हा जाळी पडलेली असतात.

पुरण्याच्या खोलीबद्दल गैरसमज फार आहे. आतल्या पट्ट्यात तळ म्हणजे मऊ चिखल. दीड मीटर पुरली की ट्रॉलरचं जाळं उघडं ठेवणाऱ्या, तळावरून घासत जाणाऱ्या फळ्यांपासून केबल सुटते, पण मोठ्या जहाजाचा नांगर अशा चिखलात कित्येक मीटर रुततो. त्यावर जास्त पुरणं हा उपाय नव्हे, दूर राहणं हा आहे. जयगड आणि दाभोळसमोर जहाजं नांगरून उभी राहतात त्या जागांना मोठा वळसा द्या, भले दहा किलोमीटर केबल जास्त लागो.

किनाऱ्याजवळ जहाज १०–१५ मीटर खोलीच्या आत येत नाही. तिथून केबलला फुगे बांधत ती तरंगत सोडतात, पुळणीवरून विंचने ओढतात, नीट रेषेत आली की पाणबुडे फुगे कापत जातात. आडवा प्रवाह असला की तरंगती केबल धनुष्यासारखी वाकते, म्हणून दिवस भांगाचा (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तो) निवडा. मुंबईकडे उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, तिथे तर हे सक्तीचंच. शेवटच्या खडकाळ भागात केबलवर ओतीव लोखंडाच्या अर्ध्या नळ्या बोल्टने जोडतात. बोल्ट ढिले राहिले तर एका पावसाळ्यात नळीच कवच घासून खाते.

खाडीपलीकडे:
आभारी आहे. टोक समुद्रात ठेवण्याचा पर्याय काढून टाकतो. मालवण बंदरातच केबल वर घ्यावी का? आणि गुहागरच्या लांब पुळणीला काही हरकत?

वावभर पाणी:
मालवण बंदर नको. १९८७ पासूनचं सागरी अभयारण्य, प्रवाळ, खडप. परवानगी अवघड आणि केबल पुरताही येणार नाही. आचऱ्याच्या बाजूला वाळूचा तळ शोधा. तिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागते, त्यामुळे सोसायटीशी बोलणं आलंच. गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. तिथे ऑक्टोबरमध्येच किनाऱ्याचं काम उरका, किंवा पुळणीच्या मागून आडवं ड्रिलिंग करून थेट समुद्रात निघा. खाडीच्या तोंडाशी खारफुटी असेल ती जागा सोडून द्या, तिला हात लावायचा तर उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं.

जोडकाम:
राहिलेलं एक: सुटी केबल. टप्पे केले की प्रत्येक वेळी जहाज दुरून आणण्याचा खर्च नव्याने पडतो, तो आराखड्यात दर टप्प्याला वेगळा दाखवा. पहिल्याच ऑर्डरमध्ये राखीव केबल घ्या, पण नुसते एकूण किलोमीटर लिहू नका. दुहेरी कवचाची (पोलादी तारांचे दोन थर असलेली) किती, एकेरीची किती, हे वेगळं लिहा. उथळ पाण्यात तुटते ती दुहेरी कवचाची, आणि गोदामात पडून असते ती भलतीच. जोडाच्या किटमधल्या साहित्याला मुदत असते, ती तपासून बदलत राहावी लागते.

सर्वेक्षण सगळ्या मार्गाचं एकदम करून घ्या, परवानग्यांचे अर्जही त्यावरूनच जातील. पण खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे दर पावसाळ्यात सरकतात. तेवढे तुकडे प्रत्येक टप्प्याआधी पुन्हा मोजा, आणि तेही पाऊस संपल्यावर. मे महिन्यात मोजलेलं ऑक्टोबरमध्ये उपयोगाचं नसतं.