मधुमेह, गुरुवारचा उपास आणि इंदुरी नाश्ता: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. बाबा ६८ वर्षांचे, टाइप २ मधुमेह जुनाच. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्या चालू आहेत. उपाशीपोटी साखर ११५-१२०, पण जेवणानंतर दोन तासांनी २३०च्या पुढे. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.१. डॉक्टर म्हणतात, गोळी वाढवण्याआधी रोजचं खाणंपिणं, चालणं बघा.

गोड त्यांनी सोडलंय. जलेबीकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि या त्यागाचं त्यांना स्वतःलाच भारी कौतुक! पण सकाळी फिरून येताना कोपऱ्यावरचे पोहे ठरलेले. वाफेवर ठेवलेल्या परातीतले, वर जिरावन (इंदुरी पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) आणि मूठभर शेव. "यात साखर कुठंय?" म्हणतात.

खरी काळजी गुरुवारची. दत्ताचा उपास, दिवसभर चहावर, संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी. गोळी मात्र नेमाने सकाळीच. परवाच्या गुरुवारी अकराच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरायला लागले, भलतंच चिडचिड करत होते. मीटरवर ६२. साखरपाणी दिल्यावर थोड्या वेळाने सावरले. उपास सोडा म्हटलं की "महाराज बघून घेतील". तुमच्या घरी कोणी हे जमवलंय का? उपास न मोडता काय बदलता येईल?

प्रतिसाद १
आधी गोळीचं बघा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवलेले असा किंवा नसा. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी पडत नाही. म्हणून येत्या गुरुवारच्या आत डॉक्टरांना फोन करून उपासाच्या दिवशी कोणती गोळी, किती आणि कधी, ते विचारा. आपल्या मनाने बंद करू नका. ७०च्या खाली म्हणजे कमीच. तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, तरी कमी असेल तर परत तेवढीच, आणि सावरल्यावर काहीतरी खायला द्यायचं. अशा वेळी पेढा-बर्फी नको, तुपामुळे साखर हळू चढते. आणि माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

प्रतिसाद २
मी पण इंदूरचीच, सुदामा नगर. "साखर कुठंय" काय, आपल्या पोह्यांत बडीशेपेबरोबर चमचाभर साखर पडतेच की! पण ती नसती तरी पोहे म्हणजे तांदूळच. वाद घालू नका. पोह्यांनंतर दोन तासांनी त्यांच्याच हाताने मीटर लावायला सांगा. आमच्याकडे सासरे त्या आकड्यानेच वरमले, माझ्या बोलण्याने नाही. आता घरीच करतो: पोहे निम्मे, मटार-शेंगदाणे भरपूर, सोबत वाटीभर मोडाची मटकी. शेव चिमटीभर, तेवढी सूट हवीच, नाहीतर माणूस चोरून खातो.

साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याऐवजी राजगिऱ्याची छोटी भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, दही, दाण्याची आमटी. भगरीलाही माप हवं. आणि महाराजांना दिवसभर रिकामं पोट लागत नाही, दुपारी दही-काकडी उपासाला चालते.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. डॉक्टरांना आज फोन करतो. मटकीची कल्पना आईला लगेच पटली. फिरणं सकाळचं आहेच, पण रात्री जेवून बाहेर पडायला तयार नाहीत, गल्लीत कुत्री फार आहेत म्हणतात.

प्रतिसाद २
मग गच्चीवर चालू द्या, नाहीतर दिवाणखाना ते स्वयंपाकघर येरझारा. जेवणानंतरची १०-१५ मिनिटं पुरतात, जेवणानंतरची साखर त्यानेच उतरते. बातम्या उभ्यानेच ऐकायच्या म्हणावं. आणि देवळात अनवाणी जात असतील तर रोज रात्री तळवे तपासा, जुन्या मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी होऊ शकते, उन्हाळ्यात फरशीचा चटका त्यांना कदाचित कळणारही नाही.