मांडवा ते गणपतीपुळे सायकलने: गिअर, फेरीबोट आणि देणगीचे पैसे

खाडीवारा: डिसेंबरात आम्ही आठ मित्र सागरी मार्गाने मांडवा ते गणपतीपुळे जाणार आहोत. मुक्काम मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर. एका ग्रामीण शाळेच्या वसतिगृहासाठी देणगी गोळा करायची आहे. चौघांकडे हायब्रिड (रोड आणि माउंटन यांच्या मधल्या) सायकली, चौघांकडे २५ मिमी टायरच्या रोड बाइक. सराव ८० किमीपर्यंतचा. रोजचं अंतर ५० ते ७० किमीच येतंय, मग पाचाऐवजी तीन दिवसांत उरकावं का? सोबत काय न्यावं? पैसे कोणाच्या खात्यात घ्यावेत?

चढउतार: तीन दिवसांत अजिबात नको. नकाशावर रस्ता समुद्राला चिकटलेला दिसतो, पण दर गावानंतर डोंगराची सोंड आडवी येते. चढ, लगेच तेवढाच उतार, पुन्हा चढ. घाट एकदा चढला की संपतो, इथे दिवसभर पाय भरत राहतात. चौथ्या दिवशी तर हर्णैहून दापोलीपर्यंत चढायचं आणि दाभोळला पुन्हा खाडीपर्यंत उतरायचं.

रोड बाइकला पुढे ५०/३४ दातांच्या चकत्या आणि मागे ११-२८ असेल तर कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) ११-३२ किंवा ११-३४ करून घ्या. आधी डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती दात पेलतो ते बघा. त्याचा चेन ताणून धरणारा खालचा पिंजरा आखूड असेल तर ३४ सहसा झेपत नाही. चेनही नव्याने मोजा. जुनीच ठेवली आणि चुकून पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चकत्यांवर आली, तर ती ताणून हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी) वाकवते.

टायर फ्रेममध्ये बसत असतील तर २८ किंवा ३२ मिमी घ्या. ७० किलोच्या स्वाराला ३२ मिमीत पुढे ५५, मागे ६० पीएसआय हवा पुरे.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. रिम तापली की ट्यूबवरचं ठिगळ सुटतं आणि चाक भर उतारात बसतं. वळणाआधी दाबायचा, मग पूर्ण सोडायचा.

चाकदुरुस्ती: गावातल्या दुकानात २६ इंची ट्यूब मिळेल, ७०० सीची (रोड बाइक आणि हायब्रिडच्या चाकाच्या मापाची) मिळेलच असं नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूब घ्याव्यात. प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व असेल तर छोटा पितळी अडॅप्टरही; तो असला की कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. आठ जणांत मिळून दोन पंप, चेन तोडायचं हत्यार, तुमच्या ८, ९, १० किंवा ११ स्पीडला जुळणाऱ्या चेनच्या जोडकड्या आणि फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. डिरेलर हँगर मात्र ज्याचा त्याने आणायचा. प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा असतो, आणि तो तुटला तर सायकल गाडीतच घालावी लागते.

पुळणीवर सायकल चालवू नका. खारी वाळू चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये जाते. गेलीच तर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, दर कडीला एक थेंब तेल द्या आणि वरचं तेल पुसून टाका. इंजिन ऑइल नको, लाल धूळ त्याला चिकटून बसते.

जेटीवरून: वेळ अंतरावर नाही, फेरीबोटीवर ठरते. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार खाड्या ओलांडायच्या आहेत. प्रत्येक ठिकाणची शेवटची फेरी निघायच्या आठवड्यात फोन करून विचारा. दाभोळला चुकली तर चिपळूणकडून वळसा, म्हणजे तो दिवस गेला. तवसाळला निदान राई-भातगाव पुलाचा पर्याय आहे. जेटीच्या उतारावर शेवाळ असतं. तिथे उतरून चालतच जा.

हिशेबवही: पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नका, मित्र कितीही विश्वासाचा असो. संस्थेचा खाते क्रमांक आणि क्यूआर थेट पत्रकावर छापा. ८०जीची (देणगीवरच्या आयकर सवलतीची) पावती संस्थाच देऊ शकते, तुम्ही नाही. ₹२,००० पेक्षा जास्त रोख दिलेल्या देणगीला ती सवलत मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून देणगी घ्यायची तर संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून दिलं तर ती अट नाही. राहणं, जेवण, डिझेल हे सगळं स्वारांनी वेगळी वर्गणी काढून भागवावं आणि देणगीदारांना तसं आधीच सांगावं.

खाडीवारा: पाच दिवसच ठेवतो. सोबतची गाडी मागे ठेवावी की पुढे?

जेटीवरून: मागे नको, अरुंद रस्त्यावर एसटीची कोंडी होते. दर १५ किमीवर पुढे जाऊन थांबवा, आणि जेटीवर सायकलींच्या आधी पोहोचू द्या, म्हणजे गाडीला रांगेत जागा मिळेल. सगळ्यांत शेवटी मात्र पंक्चर काढता येणारा स्वार हवा, त्याच्याकडे एक पंप.