मदत हवी आहे: रविवारी कुत्र्याच्या दोन पिल्लांना घेऊन मळ्यात पायी जायचंय

भुसावळकर_७
रविवारी भरीत पार्टी आहे. गावापासून मळा साडेचार किलोमीटर, जाऊन-येऊन नऊ. दोन्ही पिल्लांना पायी न्यायचं ठरलंय. काल सरावाला पाटचारीच्या कडेने नेलं, तर किलोमीटरभरातच एक मटकन बसली, उठेचना. दुसरी पुढे ओढत होती. शेवटी उचलून आणली. चारच दिवस उरलेत. बसली की उठवायचं कसं, एवढंच सांगा. पट्टा बदलू का?

तापीकाठ
वय? जात? लसी कोणत्या झाल्या? मळा कुठल्या बाजूला? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सातपुडा_पायथा
पट्ट्याचा दोष नाही, पिल्लू थकलंय. माझ्या लॅब्राडॉरला सहा महिन्यांचा असताना मी असंच दामटलं होतं. वर्षभरात मागच्या पायाने लंगडायला लागला. डॉक्टर म्हणाले, खुब्याचा दोष जन्मजात, पण ताणाने वाढला असावा. अजून मनाला लागतं. वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं, त्यापुढे चालवू नका.

मेंढवाडा
पाच मिनिटांचा हिशेब नुसता अंदाज आहे, त्यामागे ठोस संशोधन नाही. ठेलारी मेंढपाळांची कुत्री रोज कोसकोस चालतात, त्यांना काही होत नाही. मोकळं सोडा, आपोआप चालतील.

सातपुडा_पायथा
दादा, त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलतो तेव्हा नीट बघा. कोकरं, कोंबड्या आणि कुत्र्याची लहान पिल्लं घोड्याच्या पाठीवर असतात. चालतात ती मोठी कुत्री.

मेंढवाडा
हे खरं आहे. पण पिल्लू मोकळं असलं की दमल्यावर स्वतः थांबतं. पट्ट्याला बांधलं की माणसाच्या चालीने फरफटतं. माझा मुद्दा तो आहे.

भुसावळकर_७
अहो, किती प्रश्न! साडेचार महिन्यांच्या, सख्ख्या बहिणी, गावठी. इंजेक्शनं झालीत. मळा यावल तालुक्यात, सातपुड्याकडे. बाजूला सगळी केळी.

केळीबाग
भाऊ, तठे बिबट्या शे. यावल-रावेरकडे केळीच्या बागेत दडून बसतो आणि कुत्रं त्याचं आवडतं भक्ष्य. दिवस मावळायच्या आत परत फिरा. मोकळं तर अजिबात सोडू नका. रानडुकरांसाठी लोक बांधावर झटका मशीनची तार लावतात, पिल्लाला ती दिसत नाही. ठिबकच्या खताच्या टाकीजवळ बादली भरलेली असते, त्यातलं पाणी पिऊ देऊ नका. पाणी घरूनच न्या.

तापीकाठ
"इंजेक्शनं झालीत" म्हणजे कोणती? रेबीजची झाली का?

भुसावळकर_७
नाइन-इन-वनचे, म्हणजे अनेक आजारांवरच्या एकत्रित लसीचे, दोन डोस झाले. रेबीजची राहिली.

तापीकाठ
मग हेच आधी बघा. रेबीजची लस तीन महिन्यांपासून देतात, तुमचं दीड महिना उशिरा चाललंय. उद्याच द्या. पण लस टोचली म्हणजे त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, दोन-तीन आठवडे जातात. नाइन-इन-वनचा शेवटचा डोसही साधारण चार महिन्यांच्या सुमारास लागतो, तोही विचारा. रविवारी अनोळखी कुत्र्यांशी गाठ पडू देऊ नका. चावलंच तर जखम साबणाने भरपूर वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

खानदेशी_सुगरण
वांगी कुठली आणणार? आमच्याकडे बामणोदचीच लागतात.

आसोदेकर
आसोद्याच्या वांग्याची सर बामणोदला नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजून बघा, साल अलगद सुटते.

खानदेशी_सुगरण
वांग्याचं नंतर बोलू. पिल्लांना भरीत देऊ नका हे मात्र नक्की. लसूण आणि कांद्याची पात कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडते. पाहुणे लाडाने घास पुढे करतात, त्यांना आधीच बजावून ठेवा.

मेंढवाडा
आता कुसळं वाळलीत. परत आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कान बघा. कुसळ कातडीत आत सरकत जातं, मग पू होतो. पिल्लू बसलं तेव्हा पंजात काटा होता का, बघितलंत का?

भुसावळकर_७
नव्हतं बघितलं. आत्ता बघितलं. पुढच्या उजव्या पंजात गोखरू होता, दोन बोटांच्या मधे. काढला. बिचारी दिवसभर चाटत होती आणि मी तिला ओढत होतो.

सातपुडा_पायथा
निघाला ना, झालं. मीठ घातलेल्या कोमट पाण्याने धुवा. सूज राहिली तर दाखवा. गोचीडही बघून घ्या. गुरांचं औषध अंदाजाने लावू नका, वजनाप्रमाणे डॉक्टरकडूनच घ्या.

भुसावळकर_७
आज रेबीजची लस दिली, तिसऱ्या डोसची तारीखही घेतली. पायी जायचं रद्द. मळ्यापर्यंत गाडीने नेतो, तिथे लांब दोरीवर एकेकीला वीस-वीस मिनिटं बांधाने फिरवतो. फक्त एक अडचण आहे, गाडीत दोघीही ओकतात.

तापीकाठ
निघायच्या आधी दोन-तीन तास खायला घालू नका, पाणी थोडं चालेल. काच जराशी खाली ठेवा. आणि आजपासून रोज पाच मिनिटं नुसतं उभ्या गाडीत बसवा, इंजिन बंद ठेवून.