विकासात मागे राहिलेल्यांचे चिनी सिनेमे: नक्की कुणासाठी?

नदीकाठ: चिनी दिग्दर्शक जिया झांगकेचा 'स्टिल लाइफ' (२००६) पुन्हा पाहिला. यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणापायी फंगजिए हे दोन हजार वर्षांचं शहर पाण्याखाली चाललंय. पाणी कुठवर चढणार तो आकडा भिंतींवर रंगवलेला, आणि खाली रोजंदारीवरचे मजूर घण घालून घरं पाडतायत. शान्शीतला खाणकामगार सान्मिंग सोळा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या बायकोला शोधत येतो, तर तिच्या पत्त्यावर नुसतं पाणी. मजूर त्याला दहा युआनची नोट दाखवतात. तिच्यामागे छापलेली कुईमेनची खिंड इथलीच. पुढे तो ती नोट समोर धरून खऱ्या खिंडीकडे बघत उभा राहतो. चीनच्या प्रगतीचा इतका प्रामाणिक हिशेब मी दुसऱ्या सिनेमात पाहिलेला नाही.

स्पष्टवक्ता: मला नाही पटत. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन लायन हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, छान. पण जियाचे सुरुवातीचे 'श्याओ वू', 'प्लॅटफॉर्म' सरकारी परवानगीशिवाय झाले, देशातल्या थिएटरांत लागलेच नाहीत. ज्यांची गोष्ट, तेच प्रेक्षकांत नाहीत. त्याच वर्षांत कोट्यवधी चिनी दारिद्र्यातून वर आले, ते कुठे दिसतात? पडक्या भिंती पाहून परदेशी परीक्षक गहिवरतात, एवढंच.

रात्रपाळी: अहो, परवानगी सरकार देत नाही आणि खापर दिग्दर्शकावर? लोक पायरेटेड डिस्कवर बघत होतेच. 'अननोन प्लेझर्स'मध्ये (२००२) एक जण डिस्क विकणाऱ्या पोराकडे 'श्याओ वू'च मागतो! आणि गहिवराचं म्हणाल तर वांग बिंगचा 'वेस्ट ऑफ द ट्रॅक्स' हा माहितीपट बघा. नऊ तासांहून मोठा. शेनयांगच्या तिएशी भागातले सरकारी कारखाने बंद पडतायत, आणि हा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन कामगारांच्या विश्रांतीच्या खोलीत बसलाय. ते पत्ते खेळतात, भांडतात, थकलेल्या पगाराबद्दल बोलतात. दया मागणारं कुणीच नाही.

स्पष्टवक्ता: वांग बिंगबद्दल वाद नाही. पण जियाचा '२४ सिटी' (२००८)? चंगडूतला कारखाना पाडून तिथे फ्लॅट होणार, त्यावरचा सिनेमा. खऱ्या कामगारांच्या मुलाखतींत जोन चेनसारख्या नट्या बसवल्या, आणि निर्मितीत ती जागा विकसित करणारी कंपनीच भागीदार.

नदीकाठ: भागीदारीचा आक्षेप रास्त आहे, मलाही ती खटकते. पण त्यातच एक खरा कामगार आपल्या म्हाताऱ्या उस्तादाला भेटायला जातो. हत्यार पार झिजेपर्यंत टाकायचं नाही, ही त्यांची शिकवण तो सांगतो. फ्लॅट विकायला ही भेट कुणी दाखवली असती का?

स्पष्टवक्ता: नसती दाखवली, कबूल. मग अशी माणसं हाताशी असताना नट्या कशाला लागल्या?